ब्रिसेइस कोण : दासी, बटीक की पाडाव?

अक्षरवेल : होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य 'इलियड', त्यातल्या ब्रिसेइस या पकडून आणलेल्या बाईच्या तोंडून मराठीत लिहायला घेतलंय. देव वगळलेत. पहिल्या सर्गातली साथ अपोलोच्या बाणांनी नाही, छावणीतल्या गर्दीने पसरते. क्रम मात्र मूळचाच, आधी खेचरं-कुत्री, मग माणसं. अडलंय एका शब्दाशी. लिर्नेसस हे तिचं गाव लुटल्यावर ही अकिलीस या ग्रीक योद्ध्याला मिळाली, म्हणून ग्रीकमध्ये ती त्याचं 'गेरास'. 'बक्षीस' लिहिलं तर शर्यतीतलं वाटतं. 'दासी' चालेल?

बखरवाचक : दासी नको. मराठी कानाला आधी 'नामयाची दासी' ऐकू येते, आणि जनाबाईचं दास्य स्वतःहून पत्करलेलं आहे. पेशवाईच्या कागदांत बटकी, कुणबिणी सापडतात. बटीक लिहा.

तिसरा कोस : बटीक घरात राबणारी. त्यासाठी होमरकडे 'द्मोआय' हा वेगळा शब्द आहे. गेरास म्हणजे लुटीच्या वाटपात सैन्याने सरदाराला वेगळा काढून दिलेला मानाचा वाटा. ग्रीकांचा सरसेनापती अ‍ॅगॅमेम्नॉन तिला नेतो तेव्हा भर सभेत अकिलीसचा मान जातो, भांडण त्यावरून आहे. 'मानाचा वाटा'च लिहा. मानपानावरून बिनसणं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

अक्षरवेल : पण सांगतेय ती! एकोणिसाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर रडताना ती मारला गेलेला नवरा आणि तीन भाऊ आठवते. ती स्वतःला कुणाचा वाटा कशी म्हणेल?

बखरवाचक : मग 'पाडाव', म्हणजे लढाईत पकडलेली. 'मी पाडाव झाले.' बखरींतला अस्सल शब्द.

सरळरेषा : आजचा वाचक त्याचा अर्थ 'हरले' असा घेईल. शब्द बोलणाऱ्याप्रमाणे बदला. सरदारांच्या तोंडी 'मानाचा वाटा', शिपायांच्या तोंडी 'लुटीतली', तिच्या स्वतःच्या तोंडी 'धरून आणलेली'. नवव्या सर्गात अकिलीस तिला 'भाल्याने मिळवलेली' म्हणतो आणि त्याच दमात मनापासून प्रेम असल्याचंही सांगतो. ते वाक्य गाळू नका.

शब्दनिष्ठ : 'लूट' हिंदी वळणाचा. 'युद्धबंदिनी' हा स्वच्छ शब्द असताना हे कशाला?

तिसरा कोस : 'लूट'च्या मुळाशी संस्कृत 'लुण्ट्' आहे. आणि युद्धबंदीला सुटून परतायला देश असतो. हिचं गावच उरलं नाही.

बखरवाचक : तिला नाव तरी कुठे आहे? ब्रिसेइस म्हणजे ब्रिसेउसची लेक. जानकी, द्रौपदी तशीच. क्रिसेइस या दुसऱ्या पकडलेल्या मुलीचंही तेच. माणसांच्या बाजूने लिहायचं तर तिला एक नाव द्या.

सरळरेषा : नको. नाव नाही हीच तिची हकीकत आहे. उलट तेविसावा सर्ग वापरा. तिथे पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत कुस्ती जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या मोलाची तिवई, आणि हरणाऱ्याला अनेक कामांत तरबेज बाई, मोल चार बैल. हे तिच्या कानावर पडतंय असं लिहा, विशेषणांची गरज नाही.

शब्दनिष्ठ : तिवई बसायची असते हो. 'ट्रायपॉड' म्हणजे विस्तवावर ठेवायचं तीन पायांचं भांडं.

सरळरेषा : मग 'तीन पायांचा हंडा'.

बखरवाचक : हंड्याला पाय नसतात. 'पायांची कढई' म्हणा.

शब्दनिष्ठ : कढई उथळ. हे खोल, पाणी तापवायचं. नवव्या सर्गात अ‍ॅगॅमेम्नॉन अकिलीसची समजूत काढायला देऊ करतो ती सात तर विस्तव न लागलेली, निव्वळ ठेव्याची आहेत. तिथे 'त्रिपाद'च हवं.

तिसरा कोस : त्रिपाद म्हटलं की तीन चरणांचा गायत्री छंद आठवतो.