यूएसबी हबचा एकच पोर्ट टर्मिनलमधून बंद-चालू कसा करावा?

छावणी_इंदूर
रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) आहे, त्याला वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा ४ पोर्टचा हब. पोर्ट १ वर हार्ड डिस्क, पोर्ट २ वर फोरजी डोंगल. डोंगल मधूनच अडकतो. काढून परत लावला की चालू. सगळं महूजवळ शेतावरच्या खोलीत आहे, दर वेळी इंदूरहून कोण जाणार? डिस्कला हात न लावता फक्त पोर्ट २ ची वीज तोडायची आहे. सिसएफएसमधल्या (लिनक्स कर्नल उपकरणं जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो ते फोल्डर) ऑथराइज्ड फाइलमध्ये ० आणि मग १ लिहून पाहिलं. डोंगल यादीतून जातो, परत येतो, पण त्याचा दिवा विझत नाही आणि अडकलेला तो अडकलेलाच.

पोहे_जिलेबी
ऑथराइज्डमुळे फक्त ओळख तुटते. ड्रायव्हर अनबाइंड केला तरी तेच, ऑटोसस्पेंडनेही तेच. लाल तारेतले ५ व्होल्ट कायम राहतात. पोर्टची वीज तोडण्याचा हुकूम हबलाच द्यावा लागतो. त्यासाठी यूहबसीटीएल (uhubctl) नावाचं छोटं टूल आहे, डेबियनच्या ॲप्टमध्ये मिळतं. (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही सगळं इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा.)

आधी नुसतं चालवा:
सुडो यूहबसीटीएल

ज्या हबच्या ओळीत पीपीपीएस दिसेल, तो पोर्टनिहाय स्विच असल्याचं सांगतो. त्याचा पत्ता पाहा, समजा १-१.३. मग:
सुडो यूहबसीटीएल -एल १-१.३ -पी २ -ए सायकल -डी १०

यात पोर्ट २ दहा सेकंद बंद राहून परत चालू होतो. -डी नाही दिलं तर फक्त २ सेकंद थांबतो, आणि डोंगलमधले कपॅसिटर रिकामे व्हायला तेवढं पुरेलच असं नाही. हबची केबल पायच्या दुसऱ्या पोर्टात लावलीत तर पत्ता बदलतो, स्क्रिप्टही बदलावी लागते.

कर्नल ६.० किंवा पुढचा असेल तर टूलशिवायही जमतं: सिसएफएसमध्ये हबच्या खाली प्रत्येक पोर्टच्या फोल्डरात डिसेबल नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की बंद, ० लिहिलं की चालू.

महूनाका
वरचं सगळं बरोबर, पण पीपीपीएसवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. ते हबच्या चिपने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं. चिपला पोर्टनिहाय स्विच चालवता येतो, पण बोर्डवर तो स्विच बसवायला पैसे लागतात, म्हणून स्वस्त हबमध्ये चारही पोर्टांचा ५ व्होल्ट सरळ एकत्र जोडलेला असतो. मग टूल ०००० ऑफ दाखवतं, डेटा तुटतो आणि वीज चालूच. खुद्द पाय ४ वरचे चारही पोर्ट एकाच स्विचवर आहेत, त्यामुळे डोंगल थेट पायला लावूनही तुमचं काम होणार नाही.

मोजून बघा. पोर्ट २ मध्ये एक्स्टेंशन केबल लावा, तिची दुसरी बाजू सोलून मल्टीमीटर लाल-काळ्या तारेवर धरा. ऑफ केल्यावर काटा शून्याजवळ यायला हवा. मोबाइल लावून तपासू नका, त्याची स्वतःची बॅटरी असते. मीटर नसेल तर यूएसबीचा एलईडी दिवा चालेल.

हब यूएसबी ३ असेल तर लिनक्सला तो दोन हब म्हणून दिसतो. वीज तुटायला दोन्हीकडे तोच पोर्ट बंद व्हावा लागतो. टूल जोडी स्वतः ओळखतं, म्हणून -ई देऊ नका.

छावणी_इंदूर
मोजलं. टूल ०००० ऑफ म्हणतंय, मीटरवर ५.०२ व्होल्ट. आता?

महूनाका
म्हणजे हब थापाड्या निघाला. नवा हब घेऊन पुन्हा नशीब आजमावण्यापेक्षा रिले (पायच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) लावा. महाराणी रोडला किंवा जेल रोडला एक चॅनेलचा मॉड्यूल मिळेल, ३.३ व्होल्ट इनपुटवर चालणाराच मागा. ५ व्होल्ट इनपुटवाला पायच्या पिनवरून ओढला जातो, पण सुटताना अर्धवट राहतो.

अर्ध्या मीटरच्या आतली एक्स्टेंशन केबल घ्या आणि फक्त लाल तार कापा. एक टोक कॉमनला, दुसरं एनसीला (रिले झोपलेला असताना कॉमनशी जोडलेलं टोक). अशाने रिले झोपलेला असताना डोंगल चालू राहतो, पाय बंद पडला तरी. काळी तार कापू नका, नाहीतर करंट परतीची वाट डेटाच्या तारांतून शोधतो. केबल लांब किंवा बारीक असली तर व्होल्टेज पडून डोंगल नेटवर्क शोधतानाच रीसेट होईल.

मॉड्यूल लो-ट्रिगर (पिन खाली, म्हणजे ० व्होल्टवर गेली की चालू होणारा) असेल तर पायच्या जीपीआयओ (इशारा देणाऱ्या) पिनांपैकी ५ किंवा ६ वापरा, म्हणजे पिन २९ किंवा ३१. पाय सुरू होताना जीपीआयओ ० ते ८ वर (३.३ व्होल्टकडे) राहतात आणि ९ ते २७ खाली, म्हणून १७ घेतलात तर प्रत्येक बूटला रिले टकटक करेल.

पोहे_जिलेबी
भाऊ, एक राहिलंच. तिथलं इंटरनेट या डोंगलवरच असेल तर तो अडकल्यावर इंदूरहून कमांड पोचणार कशी? स्क्रिप्ट पायवरच ठेवा: दर ५ मिनिटांनी पिंग (नेट चालू आहे का याची तपासणी), सलग तीनदा फसला की १० सेकंद वीज तोडा, मग ९० सेकंद वाट पाहा. तीन प्रयत्नांनंतर तासभर गप्प बसू द्या. टॉवरच बंद असेल तर रात्रभर रिले उगाच वाजत राहील.