बी.कॉम. आणि ३ वर्षांची पोर, कसं जमवता? मदत हवी आहे

नमस्कार ताईंनो. मी नागपुरातल्या मानेवाड्याची, बी.कॉम. चौथं सेमिस्टर. पहाटे साडेचारला उठून कॉस्टिंगची गणितं घेऊन बसते, तर पोरगी बी उठते आणि माझ्या वहीत खडूनं भोपळे काढते. (मार्कही आता त्याच वाटेवर आहेत म्हणा!) मागच्या खेपेला ६८ टक्के, यंदा ५१. सासूबाई सांभाळतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. त्यात हजेरी ७५ टक्के हवी, अन् नळाची वेळ नेमकी पहिल्या लेक्चरची.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा ठेवायची सरकारी ऑनलाइन सोय) क्रेडिट ७ वर्षांपर्यंत टिकतात, हे वाचलं. मधूनच नाशिकच्या मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत कोणी गेलंय का? क्रेडिट खरंच धरले का? की इथंच रेटू? मानेवाडा-बेसाकडे दुपारचं चांगलं पाळणाघर असेल तर तेही सांगा.