दवाखान्यातली नर्सिंग म्हणजे खरंच ‘आरामाची ड्यूटी’?

चाफा:
नऊ वर्षं मेडिकल वॉर्ड केला, आता तीन वर्षं एका छोट्या क्लिनिकमध्ये आहे. सोडताना प्रत्येकीने हेच ऐकवलं, “सुटलीस बाई, आता आराम!” परवा तर एक जुनी मैत्रीण म्हणाली, बीपी घ्यायचं, इंजेक्शन द्यायचं, याला काय नर्सिंग म्हणायचं? मनाला लागलं, म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं असं की इथे धावपळ कमी आहे, पण जबाबदारी एकटीच्या अंगावर असते. लस घेऊन बाकावर बसलेली एक बाई दहाव्या मिनिटाला म्हणाली, “सिस्टर, तळहात खाजतायत, डोकं गरगरतंय.” ओठ सुजायला लागलेले, नाडी हाताला जेमतेम लागत होती, म्हणजे लसीची जीवघेणी अ‍ॅलर्जी. डॉक्टर नुकतेच बाहेर पडलेले. वॉर्डात हाक मारली की चौघी धावत येतात, ट्रॉली येते. इथे मी आणि रिसेप्शनवरची मुलगी. बाईला आडवं केलं, पाय उंच केले, डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरप्रमाणे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम दिलं आणि मुलीला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. पाच मिनिटांनी दुसरा डोस द्यावा लागला. ती वाचली. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

रातराणी:
चाफाताई, वाचून अंगावर काटा आला. तरीही पटलं नाही. तुमच्याकडे असं कधीतरी होतं, आमच्या वॉर्डात ड्यूटी सुरू होते तीच अशी. आणि एका पेशंटपुरतं नसतं ते. एकाचं सलाईन संपतंय, दुसरा कॉटवरून उतरायला बघतोय, तिसऱ्याचा श्वास मिनिटाला १८ वरून २६ वर गेलाय. बीपी अजून नॉर्मल, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजनही बरा, पण तो श्वास सांगतोय की पुढे बिघडणार. ते रात्री तीन वाजता डोळ्यांवर झापड असताना ओळखायचं!

अमेरिकेत लिंडा एकेन यांच्या गटाने २००२ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला होता. एका नर्सकडे एकेक पेशंट वाढेल तशी ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे माझ्याकडे आणखी दोन पेशंट टाकले की कुणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. वर रातपाळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्येच रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. दिवसपाळी आणि सुट्टीचा रविवार मिळणाऱ्यांनी आपलं काम तितकंच जड म्हणू नये, एवढंच.

सावली:
मी कंपनीच्या हेल्थ रूममध्ये आहे, माझं दुखणं वेगळंच. एक माणूस आठवड्यात तिसऱ्यांदा डोकेदुखीची गोळी मागायला आला. मी गोळी न देता बीपी घेतलं, १९०/११०. पाच मिनिटं बसवून परत घेतलं, तेवढंच. आजच डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे काम अडेल. अर्धा तास समजावलं तेव्हा गेला. दुपारी त्याचे साहेब येऊन विचारतात, “काय झालंय त्याला?” मी सांगितलं नाही. पगार कंपनी देते, पण पेशंटची गोष्ट पेशंटची. साहेबांसमोर उभं राहून असं ‘नाही’ म्हणायला वॉर्डात कुणी शिकवलं नव्हतं.

दीपमाळ:
सगळं मान्य, पण नवीन मुलींनी पास होताच क्लिनिक धरू नये. चाफाताईंनी ती बाई वाचवली ती नऊ वर्षांच्या वॉर्डच्या जोरावर. पहिल्याच वर्षाची मुलगी तिथे असती तर?

चाफा:
दीपमाळ, हे शंभर टक्के खरं. आणि रातराणी, आज मला व्हेंटिलेटरवरचा पेशंट दिला तर मी घाबरेन, सवय मोडलीय त्या कामाची. रातपाळीचं तर मी नऊ वर्षं सोसलंय, त्यावर वाद नाही.

पण एक सांगते. साखरेचे एक आजोबा फक्त गोळ्या लिहून घ्यायला आले होते. मी मोजे काढायला लावले. पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक धागा (१० ग्रॅम दाबाला वाकणारा) तळव्याला टेकवत गेले, तीन ठिकाणी त्यांना कळलंच नाही. अंगठ्याखाली जखम होती, चपलेत खिळा वर आलेला. कधीपासून, त्यांना पत्ता नाही. दोन महिने ड्रेसिंगला येत होते, जखम भरली. हे आजोबा तुमच्या वॉर्डात आलेच नाहीत, म्हणून हे काम कुणाला दिसत नाही.

रातराणी:
पायाचं लागलं मला. गेल्याच महिन्यात असाच एक पेशंट होता, त्याचा अंगठा काढावा लागला. आधी कुणी कधी मोजे काढायला लावले होते का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तरी दोन्ही कामं सारखी जड, असं मी म्हणणार नाही. नाइट आहे, आधीच्या ड्यूटीकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, घ्यायला जायचंय. बाकीचं उद्या लिहिते.