रविवारच्या सभेतील ते वाक्य

सी-704: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सोसायटीच्या सभेत मी इमारतीच्या दुरुस्ती निधीचे 18,000 रुपये दोन हप्त्यांत भरण्याची मुभा मागितली, तेव्हा ‘पक्ष्यांचे फोटो काढायला पैसे आहेत, इमारतीसाठी नाहीत’ असे मला ऐकावे लागले. ते सर्वांसमोर बोलले गेले, म्हणून उत्तरही सर्वांसमोर देतो. लेन्ससाठी मी सव्वादोन वर्षे दरमहा अडीच हजार रुपये बाजूला ठेवले आणि त्या काळात मेंटेनन्स एकदाही थकवला नाही.

बी-302: वाक्य माझे होते. आपण दुखावला असाल तर दिलगीर आहे. तथापि लिफ्टच्या वेळीही हप्त्यांची मागणी सी विंगमधूनच आली होती, हे सांगणे भाग आहे.

सी-201: ती मागणी माझी होती. तेव्हा वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि आपण त्यांना भेटायलाही आला होता. कोणाच्या घरी औषधांवर काय खर्च होतो ते दिसत नाही, गळ्यातला कॅमेरा मात्र येता-जाता सर्वांना दिसतो.

ए-101: मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्या अनुभवावरून सांगतो की छंदाआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत 15 वर्षांची असते. मुलगी असल्यास सुकन्या समृद्धीचे खाते उघडावे. सर्व ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत, कारण एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतच मिळते.

बी-203: काका, आपल्याविषयी आदर आहे, परंतु सुकन्याचे खाते मुलगी 10 वर्षांची होण्याआधीच उघडावे लागते आणि माझी मुलगी बारा वर्षांची आहे, हे मी आपल्याला गणपतीतही सांगितले होते. आमचे उरलेले पैसे तिच्या कथ्थकच्या क्लासवर आणि महिन्याच्या एका नाटकावर जातात. घाणेकर नाट्यगृहात चौघांची तिकिटे आणि मध्यंतरातले बटाटेवडे धरले, तर रक्कम लहान नाही. पण परतताना सासूबाई आणि नात रिक्षात एखाद्या प्रसंगावरून घर येईपर्यंत वाद घालतात. एरवी त्या दोघींचे बोलणे जेवणखाणापलीकडे जात नाही. हा खर्च मी कमी करणार नाही.

ए-503: मी 1893 साली स्थापन झालेल्या आपल्या ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी सभासद आहे. मी पुस्तके आणते तेव्हा सगळे कौतुक करतात आणि सी-704 यांच्याकडे मात्र हिशेब मागतात, हा भेद मला पटत नाही.

ए-101: पुन्हा नमूद करतो, आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा.

बी-302: वहिनी, प्रश्न छंदाचा नाही. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी व्हायचे असेल, तर ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्यावी लागेल आणि गळती सातव्या मजल्यावरच आहे.

सी-704: गळती माझ्या छतातून आहे, म्हणूनच पहिला हप्ता आज सकाळी भरला. पावती खाली टाकत आहे. काका, सहा महिन्यांचा घरखर्चही बाजूला आहे आणि दुसऱ्या हप्त्यासाठी तो मोडायचा नाही, म्हणून तर मुदत मागितली. आता पक्ष्यांविषयी. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून भरतीच्या वेळेनुसार बोट सुटते. माझा मुलगा प्रत्येक फेरीची नोंद वहीत करतो: तारीख, भरतीची वेळ, धाकटे फ्लेमिंगो किती आणि मोठे किती. ती वही आता दुसरी आहे. लेन्स त्या वहीसाठी घेतली.

सेक्रेटरी: ज्यांना हवे असतील त्यांना दोन हप्ते मिळतील, यावर समितीचे एकमत झाले आहे. मागणी लेखी द्यावी. कोणाचाही घरखर्च यापुढे सभेत काढू नये, ही विनंती.

ए-101: योग्य निर्णय. सहा महिन्यांचे मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे.

बी-302: पावती पाहिली, धन्यवाद. शनिवारी सकाळी आठ वाजता ठेकेदार गच्चीची पाहणी करणार आहे, तरी सातव्या मजल्यावरील सर्वांनी हजर राहावे.

सी-704: शनिवारी सकाळी भरती आहे, त्यामुळे मी आणि मुलगा ऐरोलीला असू. पत्नी वेळेवर गच्चीवर येईल आणि गळतीच्या जागा दाखवील.