मदत हवी आहे: यूकेमध्ये 'कॉर्निश युनिट' घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. प्लिमथजवळ एक सेमी-डिटॅच्ड (शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक असलेलं) घर पसंत पडलंय, पण ते युद्धानंतरच्या कॉर्निश युनिट प्रकारातलं आहे. म्हणजे कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे खांब आणि पॅनल. १९८० च्या दशकात कायद्याने जी घरं सदोष ठरवली, त्यांत हा प्रकार येतो. आतलं लोखंड गंजून काँक्रीट तडकतं, हे मुख्य दुखणं.

आमच्या बाजूची दुरुस्ती झालेली आहे. पॅनल काढून विटांच्या भिंती घातल्यात, पीआरसी प्रमाणपत्राची (अशा काँक्रीट घराची दुरुस्ती मान्य पद्धतीने झाल्याचा दाखला) प्रत सॉलिसिटरकडे आली आहे. घोळ शेजारच्या अर्ध्या भागाचा. तो अजून मूळ अवस्थेत आहे. नव्या विटा सामाईक भिंतीपाशी संपतात आणि तिथून थेट जुनी पॅनल सुरू होतात. खालच्या एका पॅनलला उभी चीरही दिसते.

आमच्या बँकेने शेजारचं घर दुरुस्त नाही म्हणून नकार दिला. ब्रोकर म्हणतो दुसरीकडे मिळेल, पण व्याजदर सांगत नाही. (विक्रेत्याचा एजंट अर्थातच 'काही काळजी नको' म्हणतो!) साध्या सर्व्हेवर विसंबणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनियर बघणारच आहोत.

डिपॉझिट २० टक्के, आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) आहे, रोखीने घेणं शक्य नाही. 'दुसरं घर बघा' हा सल्ला घरच्यांनी देऊन झालाय.

शेजारचा भाग दुरुस्त नसताना कुणाला मॉर्गेज मिळालंय का, कोणत्या अटींवर? आणि सामाईक भिंतीतल्या खांबांबद्दल इंजिनियरकडून नेमकं काय लिहून घ्यावं?