नुसती मुलं सांभाळणं?

वर एका ताईंनी लिहिलंय, ‘बालवाडीत शिकवायचं काय, मुलं तर सांभाळायची.’ गुहागरजवळच्या गावात अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून लिहिते.

पालकांचा पहिला प्रश्न, ‘बाई, अआइई कधी?’ अहो, साडेतीन वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरण्याइतकी तयार नसतात. आधी मातीचे गोळे, करवंटीतून करवंटीत पाणी ओतणं, शिंपल्या लहान-मोठ्या क्रमानं लावणं. चिमटीत चिंचोका धरून बाटलीत टाकता आला की पुढे पेन्सिलही नीट बसते. (चिंचोके नाकातही जातात. एकदा माझी पाचावर धारण बसली होती, तेव्हापासून मोजून देते, मोजून घेते.)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, परिसरातल्या अशाच बिनपैशाच्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. आता पालकांना प्लास्टिकचे रंगीत ठोकळे दिसले की शाळा चांगली वाटते.

बंदरावरून येणाऱ्या मुलाला बांगडा आणि तारली लांबून ओळखता येते. वर्गीकरण त्याला मी काय शिकवणार? मीच त्याच्याकडून शिकले. पगाराचं मात्र विचारू नका.