न्हाणीत बंब ठेवला तर चालेल का?

प्रश्न:
चिपळूणजवळ आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. आजीचा पाणी तापवायचा, लाकडांवर चालणारा तांब्याचा बंब कल्हई करून आणलाय. पूर्वी तो मागच्या पडवीत असायचा, पण आईचे गुडघे दुखतात, तिथून बादल्या आणणं तिला जमत नाही. न्हाणी ५ बाय ६ फूट, एकच झरोका. आत ठेवू का?

उत्तर:
आत अजिबात नको! धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून निदान कळतो तरी. धूर थांबून नुसते निखारे उरले की कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो, त्याला ना रंग ना वास. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग माणूस तिथेच कोसळतो. आमच्या काकूला दार फोडून बाहेर काढलं होतं. वाचली, पण ते दार अजून डोळ्यांसमोर येतं.

बंब पडवीतच दोन फुटी ओट्यावर ठेवा आणि तोटीपासून भिंतीतून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आत घ्या. बादली उचलायचं कामच उरणार नाही.

आणखी एक:
पेटवण्याआधी पाणी भरलंय ना, बघा. रिकामा बंब तापला तर कल्हई जाते, तिचं कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. वरचे वासे, रिपा जवळ असतील तर ठिणगीची काळजी घ्या. ओल्या लाकडांनी काजळी धरते, बंबाच्या मधली धुराची नळी दर महिन्याला झाडा.

प्रश्नकर्ता:
ओट्यासाठी उद्याच गवंड्याला बोलावतो. राख कुठे टाकायची?

उत्तर:
पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, घरापासून लांब. सकाळची राख संध्याकाळीही आतून लाल असते.